गिधाडांच्या वहीतली शिल्लक



आज आम्ही एका अशा पक्ष्याबद्दल बोलणार आहोत, ज्याचं नाव आपल्याकडे कौतुकानं कुणी घेत नाही. लोभी माणसाला आपण त्याचं नाव ठेवतो. घरावर बसलं तर अपशकुन मानतो. तो पक्षी म्हणजे गिधाड. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी गिधाडांचे थवे पाहिलेले आहेत. पंचविशीच्या आतल्या मुलींना मात्र गिधाड म्हटलं की पुस्तकातलं चित्रच आठवेल. एवढ्या थोड्या वर्षांत एवढा मोठा पक्षी गेला कुठे, आणि तो गेल्यानं आपल्या गोठ्याशी, आपल्या लेकरांशी काय संबंध आला, हे आज समजून घेऊ या. ते समजायला निसर्गातले दोन-चार साधे नियम लागतात. ते आपल्याला नवे नाहीत. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बाईला तर ते चटकन कळतील.

पहिला नियम संख्येचा. एखाद्या भागात राहणाऱ्या एकाच जातीच्या सगळ्या जिवांना मिळून एक समूह धरतात. गावातल्या सगळ्या चिमण्या हा एक समूह, गावातली सगळी कुत्री हा दुसरा, डोंगराच्या कड्यावरची सगळी गिधाडं हा तिसरा. या समूहाची संख्या वाढते किंवा घटते ती फक्त चार कारणांनी. जन्म झाले की वाढते, मृत्यू झाले की घटते. बाहेरून कुणी आलं की वाढते, इथून कुणी निघून गेलं की घटते. बस, पाचवं कारण नाही. आपल्या गटाच्या वहीत जशी मागची शिल्लक, त्यात जमा, त्यातून खर्च आणि शेवटी नवी शिल्लक, तसाच हा हिशोब. जमा जास्त तर शिल्लक वाढते. खर्च जास्त तर कधी ना कधी वही शून्यावर येते.

पण सगळ्यांची जमा सारखी नसते. उंदीर, घूस, कुत्रं हे जीव भराभर जमा करणारे. गावातली कुत्री वर्षाला एकदा, कधी दोनदा विते, एका वेळी चार-पाच पिल्लं देते आणि तिची पिल्लं वर्षभराची होता होता स्वतः विण्याजोगी होतात. गिधाडाचं तसं नाही. गिधाडाची जोडी वर्षातून एकच अंडं घालते. नर आणि मादी दोघं मिळून ते जवळजवळ दोन महिने उबवतात, पिल्लू उडायला आणखी तीन-चार महिने घेतं, आणि ते पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडं घालण्याजोगं व्हायला साधारण पाच वर्षं जातात. अंडं फुटलं किंवा पिल्लू पडलं, तर त्या जोडीचं ते वर्ष गेलं.

मग अशा पक्ष्याचं चालतं कसं? चालतं, कारण तो खूप वर्षं जगतो. मोठं झालेलं गिधाड सहसा मरत नाही. त्याला मारून खाणारं जनावर जवळपास नाहीच. म्हणजे त्याच्या वहीत जमा थोडी, पण खर्चही थोडा. महिन्याला पन्नास रुपये टाकणारी आणि कर्ज न काढणारी बाई जशी वीस वर्षांत चांगली पुंजी करते, तसा गिधाडांचा संसार. हिशोबापुरतं धरू या की एका भागात शंभर गिधाडं आहेत. त्यात चाळीस जोड्या आणि वीस अजून वयात न आलेली. चाळीस अंडी झाली. त्यातली निम्मी पिल्लं उडाली, म्हणजे वीस. त्यातली निम्मी पाच वर्षांची होईपर्यंत टिकली, म्हणजे दहा. वर्षाला फार तर दहाची भर, तीही पाच वर्षं वाट पाहून. अशा घरात वर्षाला पाच-सात मृत्यू झाले तर ते सोसतं. वर्षाला चाळीस मृत्यू झाले तर? ही वही किती वर्षं टिकेल?

भारतात नेमकं तेच झालं. राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव नावाचं पक्ष्यांचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश गिधाडांच्या नोंदी ठेवत होते. १९९०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की जिथे थवे असायचे तिथे घरटी रिकामी पडत आहेत, आणि झाडांवर माना खाली घालून बसलेले, आजारी दिसणारे पक्षी आहेत. मग देशभर मोजणी झाली. पांढऱ्या पाठीचं गिधाड हे एके काळी जगातल्या सर्वात जास्त संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी मानलं जायचं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशातली त्याची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. लांब चोचीच्या गिधाडाची आणि त्याच्या सडपातळ चोचीच्या भावंडाची मिळून सुमारे ९७ टक्के घटली. म्हणजे शंभर होती तिथे एकाहूनही कमी, कुठे तीन उरली.

कारण सापडायला वेळ लागला. काहींना वाटलं साथीचा रोग असेल, काहींना वाटलं शेतातलं विषारी औषध असेल. शेजारच्या पाकिस्तानात शास्त्रज्ञांनी मेलेली गिधाडं तपासली, तेव्हा आतल्या अवयवांवर पांढरा चुरा साचलेला दिसला. मूत्रपिंड निकामी झालं की पक्ष्याच्या अंगात असा चुरा साचतो. शोध घेता घेता बोट एका औषधावर गेलं. त्याचं नाव डायक्लोफेनॅक. २००४ साली हा शोध जगापुढे आला.

डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं आणि सुजेवरचं औषध आहे. माणसं घेतात, अजूनही घेतात. १९९०च्या दशकात ते जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागलं. बैल लंगडला, गाईला दगडी झाली, ताप आला, की ही सुई. आराम पडायचा. त्यात कुणाचं काही चुकलं असं नाही. आपलं जनावर कण्हत असताना औषध देणारच. गाय बरी झाली तर काही प्रश्न नव्हता, औषध थोड्या दिवसांत अंगातून निघून जातं. पण सुई दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेलं, तर औषध मांसात राहायचं. ते मांस गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं काम सोडून द्यायची आणि ते थोड्या दिवसांत मरायचं. जे गाईला औषध, तेच गिधाडाला विष.

इथे एक प्रश्न सगळ्यांना पडतो. अशी किती मेलेली जनावरं असणार ज्यांना नुकतीच सुई दिलेली होती? फार नाहीत. शास्त्रज्ञांनी हिशोब केला तर निघालं की शंभरात एकाहूनही कमी मेलेल्या जनावरात हे औषध असेल, तरी एवढी गिधाडं मरू शकतात. हे पटत नाही ना? मग एक खेळ मनात खेळून बघा. एका डब्यात दोनशे चिठ्ठ्या आहेत. एकशे नव्व्याण्णव पांढऱ्या, एक काळी. काळी ज्याच्या हाती येईल तो गेला. एकदा चिठ्ठी उचलायला कुणी घाबरणार नाही. पण गिधाड साधारण दोन-तीन दिवसांनी जेवतं. तिसऱ्या दिवशी एकदा धरलं तर वर्षात जवळपास १२० वेळा त्याला डब्यात हात घालायचा आहे. हिशोब मांडला तर शंभर गिधाडांपैकी वर्षअखेर पंचावन्नच्या आसपास उरतात. दुसऱ्या वर्षी तीस. तिसऱ्या वर्षी सतरा. चौथ्या वर्षी नऊ. पाचव्या वर्षी पाच. दहाव्या वर्षी एकही नाही. आणि खऱ्या मोजणीत काय दिसलं? २००० ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात दरवर्षी सुमारे ४४ टक्क्यांनी कमी होत होती. आपला चिठ्ठ्यांचा खेळ आणि खरी मोजणी एकमेकींच्या किती जवळ आहेत पाहा.

त्यात आणखी एक गोष्ट. गिधाडं एकटी जेवत नाहीत. उंचावर फिरणाऱ्या एकानं मेलेलं जनावर पाहिलं आणि ते खाली झेपावलं की दुसरी त्याला पाहून येतात, तिसरी दुसऱ्याला पाहून. एका बैलावर पन्नास-साठ गिधाडं उतरत. म्हणजे काळी चिठ्ठी एकाच्या नाही, सगळ्या पंगतीच्या पानात पडायची.

आता दुसरा नियम. एका जागी एकच जात राहत नाही. झाडं, किडे, पक्षी, जनावरं, माणसं, डोळ्यांना न दिसणारे जंतू, हे सगळे एकमेकांच्या आधारानं आणि एकमेकांच्या ओढाताणीत राहतात. याला जीवसमुदाय म्हणतात. आपल्या गावासारखाच. गावात प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं आणि एकाचं काम बंद पडलं की दुसऱ्याची अडचण होते.

मेलेल्या जनावराभोवती हा समुदाय फार चांगला दिसतो. सगळी गिधाडं सारखं काम करत नाहीत. लाल डोक्याचं राजगिधाड दणकट चोचीनं कातडं फाडतं. पांढऱ्या पाठीचं आणि लांब चोचीचं गिधाड लांब, पिसं नसलेली मान आत घालून मऊ मांस आणि आतडी खातं. मानेवर पिसं असती तर ती रक्तानं माखून खराब झाली असती, म्हणून ती उघडी. पांढरं गिधाड आकारानं लहान. ते कडेकडेनं उरलेलं टिपतं. हिमालयात तर हाडं उंचावरून दगडावर टाकून फोडणारं आणि ती खाणारं गिधाड आहे. एकाच ताटात जेवणारे असूनही प्रत्येकाचा घास वेगळा, म्हणून भांडण कमी. मग कावळे, घारी, कोल्हे. शेवटी माश्या, भुंगे, जंतू. तेच उरलेलं मातीत मिसळून गवताला खत देतात आणि ते गवत पुन्हा गाय खाते. यालाच अन्नजाळं म्हणतात.

या जाळ्यात गिधाडाचं काम सर्वात वेगाचं. मोठा थवा असला तर एक गाय तासाभरात साफ. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बरेचसे रोगजंतू तिथेच मरतात. मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाच्या दोखम्यात मृतदेह पक्ष्यांच्या स्वाधीन करतात. गिधाडं संपल्यावर त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या रिवाजापुढेच अडचण उभी राहिली. आपल्या देशात गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या असं सगळं धरून ५३ कोटींहून जास्त पशुधन आहे, असं २०१९ची पशुगणना सांगते. एवढ्या जनावरांमागे मेलेल्यांची व्यवस्था लागणारच. पूर्वी कातडी काढण्याचं आणि मेलेली जनावरं ओढण्याचं काम जन्मावरून एका समाजावर लादलेलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाकेनंतर अनेकांनी ते सोडलं आणि ते योग्यच झालं. पण ते काम बऱ्याच प्रमाणात पक्षीच करत होते, फुकट, न सांगता, हे पक्षी गेल्यावर कळलं.

आता तिसरा नियम. निसर्गात रिकामी पंगत रिकामी राहत नाही. गिधाडं उठली आणि कुत्री बसली. इथे आपल्याला आणखी एक शब्द लागतो, धारणक्षमता. एखादी जागा जास्तीत जास्त किती जिवांना पोसू शकते, ती तिची धारणक्षमता. गावच्या गायरानावर पन्नास शेळ्या पोटभर चरतील, पाचशे सोडल्या तर सगळ्याच हाडं दाखवतील. कुत्र्यांचंही तसंच. कुत्री कितीही पिल्लं देऊ दे, त्यातली किती जगणार हे गावात खायला किती आहे यावर ठरतं. गिधाडं खायची ते मांस आता उघड्यावर पडून राहू लागलं. कुत्र्यांची धारणक्षमता वाढली. पिल्लं जगू लागली. भराभर जमा करणारी ती जात, तिनं वही भरून टाकली.

गिधाडाचं काम कुत्र्यानं घेतलं, पण गिधाडासारखं केलं नाही. कुत्रं हळू खातं, अर्धवट सोडतं, घाण पसरवतं. शिवाय कुत्र्यांमधून माणसाला पिसाळण्याचा रोग होतो, रेबीज. तो झाला की माणूस वाचत नाही. गिधाडं गेल्यामुळे भारतात किती जास्त कुत्री झाली आणि त्यातून किती जास्त माणसं गेली याचा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला. २००८ साली आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता, कुत्री पन्नास लाखांहून जास्त वाढली आणि चौदा वर्षांत रेबीजनं ४७ हजारांहून जास्त मृत्यू वाढले. २०२४ साली दोन अर्थतज्ज्ञांनी सगळ्या आजारांचा मिळून हिशोब मांडला. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि मग गेली, तिथे २००० ते २००५ या काळात दरवर्षी सुमारे एक लाख माणसं जास्त मेली, असा त्यांचा अंदाज आहे. हे अंदाज आहेत, मोजलेले मुडदे नाहीत. पण अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी एक गोष्ट खरी राहते. आपण ज्याला अपशकुनी म्हणायचो, तो आपल्या लेकरांची राखण करत होता.

साखळी इथेही थांबत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. बिबट्या गावाजवळ येण्याची कारणं अनेक आहेत, ऊस आहे, पाणी आहे. पण जिथे कुत्री जास्त, तिथे त्याचं ताट वाढलेलं असतं. पाहा, गोठ्यातली एक सुई, मग गिधाड, मग कुत्रं, मग बिबट्या, आणि मग संध्याकाळी परसाकडे जाणारी आपलीच मुलगी. निसर्गात धागा एक ओढला की दूरवरचं कापड गोळा होतं, ते असं.

आता मैत्रिणींनो, काय झालं आणि काय करता येईल ते सांगतो.

सरकारनं २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मिळत होत्या, त्या जनावरांना टोचल्या जायच्या. म्हणून २०१५ साली माणसांच्या औषधाचीही तीन मिलिलिटरहून मोठी बाटली बंद झाली. पुढे लक्षात आलं की अशीच आणखी काही औषधं गिधाडांना मारतात. २०२३ साली किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही दोन औषधं जनावरांसाठी बंद झाली, त्यानंतर निमेसुलाइडही. आणि चांगली बातमी ही की गिधाडांना त्रास न देणारं औषध आहे. त्याचं नाव मेलॉक्सिकॅम. सुजेवर, तापावर, दुखण्यावर ते चालतं. हे नाव लक्षात ठेवायला अवघड वाटत असेल तर गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

हरियाणात पिंजोरला गिधाडांची वीण करण्याचं केंद्र आहे. तिथे वाढवलेली गिधाडं २०२४ साली आपल्या महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली गेली. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला आणि रायगडमध्ये म्हसळ्याच्या चिरगावला लोकांनी आणि वनविभागानं मिळून गिधाडं जपली आहेत. अशा ठिकाणी औषध नसलेलं मेलेलं जनावर ठरलेल्या जागी ठेवतात, म्हणजे पक्ष्यांना निर्धोक जेवण मिळतं. शेजारच्या नेपाळमध्येही गावकऱ्यांनी हेच केलं आणि तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पुन्हा वाढू लागली. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला जटायूची आठवण आपण सांगतो. सीतामाईसाठी जो लढला, तो गिधाडच होता ना?

पण आधी केलेला हिशोब विसरू नका. वर्षाला एक अंडं आणि पाच वर्षांची वाट. पंधरा वर्षांत गेलेली शिल्लक पंधरा वर्षांत परत येत नाही. मोठं झालेलं प्रत्येक गिधाड वाचवणं हे पिल्लू वाढवण्याहून मोलाचं आहे. अशा वहीत जमा वाढवणं आपल्या हातात फारसं नाही. खर्च थांबवणं मात्र आहे. आणि तो खर्च गोठ्यात होतो. आपल्या घरी गोठा कुणाच्या हाती असतो? शेण काढणं, धार काढणं, आजारी जनावराच्या उशाशी बसणं, डॉक्टरला निरोप पाठवणं, हे बहुतेक बायकाच करतात. म्हणून हे भाषण आम्ही बायकांसाठी केलं.

तर पहिली गोष्ट. जनावराला सुई देताना डॉक्टरला विचारा, "साहेब, कोणतं औषध देताय? मेलॉक्सिकॅम चालेल का?" विचारायला लाजू नका. दुकानातून माणसांच्या दुखण्याची सुई आणून स्वतः टोचू नका, कुणाला टोचू देऊ नका. जनावर आजारी असेल तर १९६२ या नंबरवर पशुवैद्यकीय सेवेला फोन करता येतो.

दुसरी गोष्ट. औषध चालू असताना जनावर मेलं, तर ते उघड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात पुरा. औषध न दिलेलं जनावर आणि जवळपास गिधाडं असतील, तर वनविभागाला विचारून ठरलेल्या जागी ठेवता येतं. वनविभागाचा नंबर १९२६ आहे.

तिसरी गोष्ट. बिबट्याला किंवा मोकाट कुत्र्यांना मारायला मांसाला विष लावायचं, असं कधी कधी होतं. तो गुन्हा आहे आणि त्यानं एका दिवसात अख्खा थवा संपू शकतो. गावात कुणी असं बोलत असेल तर बायकांनी ग्रामसभेत उभं राहून अडवलं पाहिजे.

चौथी गोष्ट. लांब चोचीची गिधाडं कड्यांवर घरटी करतात, पण पांढऱ्या पाठीची गिधाडं उंच झाडांवर करतात. जुना आंबा, अर्जुन, बेहडा, कोकणात नारळसुद्धा. घरटं असलेलं झाड तोडायचं ठरत असेल तर थांबवा. त्या झाडावर त्या जोडीचं अख्खं वर्ष बसलेलं असतं.

पाचवी गोष्ट कुत्र्यांची. कुत्री मारून किंवा दुसऱ्या गावाला सोडून प्रश्न सुटत नाही. आपण धारणक्षमता शिकलो ना? खायला तेवढंच राहिलं तर मोकळ्या जागेत दुसरी कुत्री येतात, नाहीतर उरलेल्यांची पिल्लं जास्त जगतात. खरा उपाय तीन गोष्टींचा. उकिरड्यावर मांस, कोंबड्यांची आतडी, मेलेली जनावरं उघडी पडू न देणं. ग्रामपंचायतीकडून कुत्र्यांची नसबंदी करून घेणं. आणि रेबीजची लस. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणि कुणाला कुत्रं चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद, तेल काही लावू नका. भगताकडे, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मोफत मिळते. एक सुई घेऊन थांबू नका, डॉक्टर सांगतील तेवढ्या सगळ्या पुऱ्या करा. पोरगं ओरखडा लपवत असेल तर रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी सांगणार नाही.

पुढच्या बैठकीत एक काम करून बघा. गटातल्या वयस्कर बायकांना विचारा, गिधाडं गावात कुठे बसायची, किती असायची, शेवटची कधी दिसली. ते वहीत लिहून ठेवा. आपल्या गावची मागची शिल्लक काय होती, हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, ते त्यांनाच ठाऊक आहे. आणि अजून कुठे एखादी जोडी दिसत असेल तर तेही लिहा, तारीख घालून. पाच वर्षांनी तीच वही सांगेल की गावात जमा झाली की खर्च.

पैशांचा हिशोब आपण चोख ठेवतो. आभाळातला हिशोबही आपलाच आहे.